घरचा डिओ: आठ दिवस वास गायब, नवव्या दिवशी काख लाल. चूक कुठे झाली?

खडूवाला

मी गणित शिकवतो. दिवसातले पाच तास उजवा हात डोक्याच्या वर आणि पाठ वर्गाकडे. फळा उंच आहे आणि मी नाही. वरच्या ओळीत काही लिहायचं म्हटलं की काख अख्खी उघडी पडते, आणि पहिल्या बाकावरच्या कुणी नुसतं नाक खाजवलं तरी मला घाम फुटतो. त्या घामाला पुन्हा वास. असं ते चक्र.

विकतच्या स्प्रेने शिंका येतात, म्हणून दोन महिन्यांपूर्वी डिओ घरीच करायला घेतला. पहिल्या बॅचमध्ये फक्त खोबरेल तेल आणि खायचा सोडा. सोडा तळाला बसला, वर नुसतं तेल. दुसरीत शिया बटर (शियाच्या बियांचं घट्ट तूप) घातलं, तर चार दिवसांनी बरणीत वाळूसारख्या कण्या. तिसरी मात्र जमली असं वाटलं. तिचं प्रमाण वहीत लिहून ठेवलंय: खोबरेल तेल ३५ ग्रॅम, शिया बटर १५, मधमाश्यांचं मेण ५, खायचा सोडा २५, आरारूट २०. बरोबर १००. त्यात सुगंधी तेलं: टी ट्री नावाच्या झाडाच्या पानांच्या तेलाचे ३० थेंब, लॅव्हेंडरचे १५ आणि लिंबाच्या तेलाचे १५. टी ट्रीची बाटली घरात होतीच, तीन वर्षांपूर्वी मुलीच्या कोंड्यासाठी आणलेली.

पहिले आठ दिवस स्वर्ग. सहाव्या तासानंतर दार लावून स्वतःची काख हुंगून पाहिली, काही म्हणजे काही नाही. सहकाऱ्यांना बरण्या भेट द्यायच्या बेतात होतो. नवव्या दिवशी सकाळी दाढी करताना काखाही साफ केल्या, लगेच डिओ लावला आणि असा जाळ झाला की शर्टाची बटणं लावेपर्यंत डोळ्यांत पाणी. आता दोन्हीकडे लाल चट्टा आहे, उजवीकडे जास्त. कडेची कातडी तपकिरी होऊन सालपटं निघतात. रात्री खाज सुटते, आणि ती चट्ट्यापुरती नाही, दंडाच्या आतल्या बाजूलाही येते.

एका व्हिडिओत ऐकलं की ही 'विषारी द्रव्यं बाहेर पडण्याची' अवस्था असते, महिनाभर सोसा, मग काख शुद्ध होते. बायको म्हणते, शुद्ध होईल तेव्हा होईल, आत्ता सोलली आहे.

हे सोड्यामुळे की तेलांमुळे? सोसत राहू का? टी ट्री कमी पडत असेल तर थेंब वाढवू का? शर्टांवर तेलाचे डाग पडतात ते वेगळंच, ते रडगाणं नंतर.


साबणघर

सर, आधी सगळं बंद. आजच. कोमट पाण्याने धुवायचं, मऊ कापडाने टिपायचं, चोळायचं नाही. आणि थेंब वाढवायचं डोक्यातूनही काढून टाका.

मी सात वर्षं घरी साबण आणि मलमं करते. सोड्याने माझीही काख एकदा अशीच सोलली होती, त्यामुळे तुमचा नववा दिवस वाचून हसले नाही.

पीएच म्हणजे आम्लपणा मोजायची पट्टी, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली. त्वचेचा साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आम्ल. सोड्याच्या पाण्याचा ८.३ च्या आसपास. तीनेक घरांचा फरक किरकोळ वाटतो, पण ही लॉगची मोजपट्टी आहे हे मी तुम्हाला काय सांगणार. एक घर म्हणजे दहा पट, तीन घरं म्हणजे हजार पट. त्वचेवरचं आम्लाचं पातळ आवरण आठवडाभर तग धरतं आणि मग हात टेकतं. म्हणून आठ दिवस स्वर्ग. शिवाय सोडा तेलात विरघळत नाही, तो खडेच राहतो. नुकत्याच वस्तरा फिरवलेल्या कातडीवर ते खडे म्हणजे पॉलिश पेपर.

सोडा मुळात चालतो का, तर छान चालतो. काखेच्या वासातली बरीचशी द्रव्यं आम्लं असतात. सोडा त्यांचे क्षार करतो, क्षार हवेत उडत नाहीत, नाकापर्यंत पोचत नाहीत. काम चोख, पण २५ टक्के म्हणजे फार. ज्यांना तो सोसतो त्यांनाही मी ५ च्या पुढे जाऊ देत नाही.

विषारी द्रव्यांबद्दल: काख हे सांडपाण्याचं तोंड नव्हे. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि थोडं मीठ. 'सोसा' सांगणाऱ्या माणसाच्या काखेत आधी तुमची बॅच ३ लावून बघायला हवी.

आता थेंब. वीस थेंबांचा एक मिली असं ढोबळमानाने धरतात, पण ते बाटलीच्या तोंडावर आणि तेलाच्या पातळपणावर आहे. तुमचे ६० थेंब म्हणजे अंदाजे ३ मिली. ही तेलं पाण्याहून थोडी हलकी, म्हणून २.७ ग्रॅम धरू. १०० ग्रॅम मिश्रणात अडीच टक्क्यांच्या वर गेलं. काख बंद असते, ओली असते, दिवसभर घासते. तिथे मी एका टक्क्याच्या वर जात नाही, नवशिक्यांना अर्धाच सांगते. गणिताचे सर असून थेंब मोजलेत आणि टक्के काढले नाहीत, याबद्दल दोन मार्क कापले.

आणि ती तीन वर्षांची बाटली टाकून द्या. टी ट्री, लॅव्हेंडर, लिंबू, सगळ्यांचं असंच: बाटली उघडली की हवेशी संयोग होत जातो, आणि त्यातून जे तयार होतं ते ताज्या तेलाहून जास्त ॲलर्जी आणणारं असतं. गडद काचेची बाटली, थंड जागा, झाकण घट्ट, आणि विकत घेतल्याची नाही तर उघडल्याची तारीख वर लिहायची. सालीतून दाबून काढलेलं लिंबाचं तेल लावून ती जागा उन्हात गेली तर डागही पडतात. बिनबाह्यांचे कपडे घालणाऱ्यांनी हे वाचावं, सरांना त्याची काळजी नसावी.

कण्या शियाच्या आहेत. ते हळूहळू गार झालं की त्यातले घट्ट स्निग्धांश आधी गोठतात आणि त्यांचे गोळे होतात. पूर्ण वितळवा, ढवळत पटकन गार करा, बरणी लगेच फ्रिजमध्ये. जाईल.


काखेत कळसा

नाव वाचून कळलंच असेल की हा धागा माझ्यासाठीच निघालाय.

एवढी उठाठेव करण्याआधी एक साधी गोष्ट विचारतो. शर्ट कसले आहेत?

ताज्या घामाला वास नसतो. काखेतल्या एका जातीच्या ग्रंथी जरा स्निग्ध, प्रथिनं असलेला घाम सोडतात, तो तिथले जिवाणू खातात आणि त्यातून वासाची आम्लं आणि गंधकाची संयुगं बनतात. कांद्यासारखा जो उग्र वास येतो ना, तो त्या गंधकाचा. म्हणजे वास घामाचा नाही, घामावर जेवण झाल्याचा आहे. हे जेवण कातडीवर होतं तसं कापडावरही होतं, आणि पॉलिएस्टरवर सुतीपेक्षा जास्त रंगतं. स्निग्ध वास त्या धाग्याला चिकटून बसतात, साध्या धुण्याने निघत नाहीत.

परीक्षा सोपी आहे. धुतलेला, वाळलेला शर्ट घ्या आणि काखेच्या जागी गरम इस्त्री फिरवा. वास आला तर निम्मा रोग कपाटात आहे. मग अंगाला केशर लावा नाहीतर कस्तुरी, तासाभरात शर्ट आपला वास परत देणार.


तुरटीप्रेमी

इतक्या भानगडी कशाला? आंघोळीनंतर तुरटीचा ओला खडा फिरवा. रसायन नाही, ॲल्युमिनियम नाही, वर्षभर एक खडा पुरतो. मी वीस वर्षं वापरतो.


साबणघर

@तुरटीप्रेमी, खडा चांगलाच आहे, पण 'ॲल्युमिनियम नाही' हे तेवढं मागे घ्या. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट. तिच्या रासायनिक नावातच आहे हो. फरक इतकाच की घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी बूच होऊन बसतात, तुरटी तसं फारसं करत नाही, ती मुख्यतः जिवाणूंना नकोसं वातावरण करते. डिओ वास थांबवतो, अँटिपर्स्पिरंट घाम थांबवतो, हे दोन वेगळे धंदे आहेत. घरी केलेल्या कुठल्याही मलमाने घाम थांबणार नाही. आरारूट टिपून घेईल तेवढंच.

आणि सर, सोललेल्या काखेवर तुरटी लावू नका. नवव्या दिवसाची आठवण येईल.


रात्रपाळी

त्वचारोग विभागात परिचारिका आहे. बाकीच्यांनी बरंच सांगितलंय, मी फक्त खाजेबद्दल बोलते, कारण तिथे माझे कान टवकारले.

आग होणं आणि खाज सुटणं यांत फरक करा. सोड्याने होतो तो क्षोभ. तो जिथे लावलं तिथेच, आग-चुरचुर जास्त, आणि कारण काढलं की काही दिवसांत उतरतो. ॲलर्जी वेगळी. तिच्यात खाज पुढे असते, लावल्यावर एक-दोन दिवसांनी उमटते आणि लावलेल्या जागेच्या बाहेर पसरते. तुमची खाज दंडावर आली आहे. मला दोन्ही एकत्र वाटतं, म्हणजे सोड्याने कुंपण पाडलं आणि जुन्या तेलाला आत यायला वाट मिळाली. एकदा शरीराने एखाद्या तेलाला शत्रू ठरवलं की ते सहसा विसरत नाही, पुढे थोड्या प्रमाणातही उठतं. म्हणून 'नैसर्गिक आहे, थोडं लावून बघू' हे वाक्य मला आवडत नाही.

तपासायचं असेल तर काख पूर्ण बरी झाल्यावर. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी जागा ठरवा, एक तेल एका हाताला, दुसरं दुसऱ्या. खोबरेलात एक टक्का करून दिवसातून दोनदा, सात दिवस लावा. एकदा लावून दुसऱ्या दिवशी 'काही झालं नाही' म्हणणं ही तपासणी नव्हे. उठलं तर तिथेच थांबायचं. निव्वळ, न मिसळलेलं तेल कधीही लावायचं नाही.

तपकिरी कड आणि सालपटं मात्र बुरशीचीही असू शकतात, काखेत ते नेहमी दिसतं. सगळं बंद करूनही दोन आठवड्यांत उतरलं नाही, किंवा पाणी सुटलं, पू झाला, गाठ लागली, तर दाखवून या. फोटो इथे टाकू नका, इथे कुणी त्यावरून सांगू शकणार नाही आणि मी तर नाहीच.

घरात मांजर असेल तर टी ट्रीची बाटली तिच्यापासून लांब. तिच्या अंगाला लागलं आणि तिने चाटलं तर विषबाधा होते. विषयांतर आहे, पण याच महिन्यात एका सहकारणीचं मांजर मरता मरता वाचलं.


खडूवाला

सगळ्यांचे आभार. दोन मार्क कापल्याबद्दल तक्रार नाही, रास्त आहेत.

डिओ बंद केला. आग तीन दिवसांत गेली, खाजेला नऊ दिवस लागले, आता कातडी जवळजवळ जागेवर आहे. तेवढे दिवस फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहिलं. एका मुलीने विचारलं, 'सर, वरचा फळा खराब झालाय का?'

आणि @काखेत कळसा, तुम्हाला साष्टांग. माझे नऊपैकी सहा शर्ट पॉलिएस्टर मिसळलेले आहेत. धुतलेल्यांवरून इस्त्री फिरवली. पहिल्याच शर्टाला बायको उठून खिडकी उघडायला गेली. मी दोन महिने बरण्या ढवळत होतो आणि वास कपाटात घडी करून ठेवलेला होता.

पण शर्ट बदलूनही संध्याकाळी थोडा येतोच. सोडा नाही, तर मग काय? शोधताना मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचं नाव सापडलं. त्याचा पीएच १० च्या वर दाखवतात. म्हणजे सोड्याहून दोन घरं पुढे, शंभर पट वाईट. हे कसं चालेल? की माझी पुन्हा काही चूक होतेय?


साबणघर

गणितात चूक नाही, कापलेला एक मार्क परत.

पीएच विरघळलेल्या भागाचा असतो. त्वचेलाही विरघळलेलंच लागतं. लिटरभर पाण्यात सोडा ९० ग्रॅमहून जास्त विरघळतो. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड जेमतेम १० मिलिग्रॅम. म्हणजे घामाच्या थेंबात ते जवळजवळ सगळं पांढऱ्या पावडरीसारखं पडून राहतं. वासाचं आम्ल समोर आलं की तेवढ्यापुरतं थोडं विरघळतं, त्याला गिळतं, पुन्हा स्वस्थ. सोडा मात्र अख्खा एकदम अंगावर येतो. तरी कोपरावर तपासायचंच, काही लोकांना हेही झोंबतं.

बॅच ४ अशी करा. खोबरेल तेल ३०, शिया २०, मेण ८, आरारूट २४, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड १२, झिंक ऑक्साइड ५, सुगंधी तेल १ ग्रॅम किंवा त्याहून कमी. झिंक वास आणि जिवाणू दोन्हींवर थोडं थोडं काम करतं, आणि कातडीला शांत ठेवतं. लहान बाळांच्या मलमात असतं तेच.

मेण ५ वरून ८ का, तर खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. उन्हाळ्यात बरणी म्हणजे रस्सा होतो आणि पावडरी तळाला जातात. मेण ६२-६४ अंशांना वितळतं, ते सांगाडा धरून ठेवतं. थंडीत बरणीतलं मलम दगडासारखं वाटलं तर पुढच्या वेळी दोन ग्रॅम कमी करा.

पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात काचेचं भांडं बसवायचं, आधी मेण, मग शिया, शेवटी खोबरेल. थेट आचेवर नाही. पावडरी आधी एकत्र करून वस्त्रगाळ करायच्या, तोंडाला फडकं बांधून, कारण झिंकची धूळ नाकात जायला नको. खाली उतरवून पावडरी घालायच्या आणि ढवळत राहायचं, चमच्यामागे माग उमटायला लागेपर्यंत. तुमची पहिली बॅच इथेच फसली, पातळ असतानाच ओतलीत. सुगंधी तेल अगदी शेवटी, भांडं हातात निवांत धरता यायला लागलं की. त्याआधी घातलं तर निम्मं उडून जातं आणि स्वयंपाकघर काखेपेक्षा छान दरवळतं.

यात पाणी नाही, म्हणून बुरशी धरत नाही आणि टिकवणारं काही घालावं लागत नाही. पण ओली बोटं बरणीत गेली की तो हिशेब संपला. गुलाबपाणी, कोरफडीचा गर असलं काहीही 'जरा घालून बघू' नका.

लावायचं नखाएवढं, बोटावर वितळवून, आणि पाच मिनिटं थांबून शर्ट. डाग जास्त लावल्याचे आहेत. पडलेल्या डागांवर भांडी घासायच्या द्रवाचा थेंब चोळून पंधरा मिनिटांनी धुवा. वस्तरा फिरवायचा तो रात्री, डिओ सकाळी.


खडूवाला

पाच आठवड्यांनी परत आलोय. वही समोर आहे, तीच उतरवतो.

कोपराची तपासणी: डाव्या हाताला नव्या बाटलीतलं लॅव्हेंडर, उजव्याला नव्या बाटलीतलं टी ट्री. दोन्ही एक टक्का. चौथ्या रात्री उजवं कोपर उठलं. बारीक पुरळ, आणि तीच ओळखीची खाज. म्हणजे रात्रपाळी म्हणाल्या तसंच, त्या तेलाशी माझं कायमचं फाटलं. लॅव्हेंडर सातही दिवस गप्प.

बॅच ४ मी दोन भागांत केली. एकात अर्धा टक्का लॅव्हेंडर, दुसऱ्यात सुगंध शून्य. पंधरा दिवस डाव्या काखेला एक, उजव्या काखेला दुसरं, मध्ये अदलाबदल. रोज सहाव्या तासानंतर ० ते ५ गुण, परीक्षक बायको, तिला कुठलं कुठे ते माहीत नाही. (तिने ही नोकरी पहिल्याच दिवशी सोडायची धमकी दिली होती.) सुगंधाच्या काखेची सरासरी १.१, बिनसुगंधाची १.३. हा फरक म्हणायचा नाही, एवढ्या थोड्या दिवसांत तो नुसता योगायोगही असेल. पण मला जे बघायचं होतं ते दिसलं: काम पावडरी करताहेत. तेल मी आता फक्त मला आवडतं म्हणून घालतो.

ज्या दिवशी लागोपाठ पाच तास असतात त्या दिवशी मधल्या सुट्टीत ओल्या रुमालाने पुसून, कोरडं करून, पुन्हा नखभर लावावं लागतं. ते न केल्यास गुण ३. कातडी शांत आहे. पॉलिएस्टरचे चार शर्ट गेले, दोन सोडवत नाहीत म्हणून थंडीसाठी ठेवलेत.

आता बॅच ३ ची अख्खी बरणी पडून आहे. टाकवत नाही. काही उपयोग?


काखेत कळसा

काचेच्या बरण्यांवरचे कागद काढल्यावर जो चिकट थर राहतो ना, त्यावर चोळा. तेल डिंक सोडवतं, सोडा घासतो. दहा मिनिटं ठेवून पुसा. हातमोजे घालून, तुमचं टी ट्रीशी फाटलंय.


खडूवाला

निघतो! आधी त्याच बरणीवरची 'बॅच ३, यशस्वी' अशी चिठ्ठी काढली.